पणबाईची चौकशी

माझ्या धाकट्या जावेला आमचे सासरे पणबाई म्हणायचे. त्यांची बाकीची मतं मला फारशी पटली नाहीत, पण हे नाव पटलं. सासरे घड्याळजी होते, खाली दुकान आणि वर आमचं घर. ती लग्न होऊन आली त्याच आठवड्यात त्यांनी तिला अभिमानानं सांगितलं, "या घरातलं एकही घड्याळ चुकत नाही." ती म्हणाली, "पण बाबा, बाहेरच्या खोलीतलं आणि आतलं, दोन्ही एकदम वाजत नाहीत." आम्ही सगळे आपापल्या ताटात बघायला लागलो. सासऱ्यांनी जेवण अर्धवट टाकलं, स्टूल आणलं, दोन्ही घड्याळं उतरवली. दोन्ही चुकत होती. त्या दिवसापासून ती त्यांची लाडकी झाली. मी त्या घरात तिच्या कितीतरी आधी आले होते. घड्याळं एकदम वाजत नाहीत हे मलाही ठाऊक होतं. मी बोलले नव्हते, एवढंच.

आज पणबाई देशाच्या तपास खात्यात अधिकारी आहे. शहराच्या पोलिसांत नव्हे. ते चोर पकडतात. ही ज्यांना पकडते ते सूट घालतात आणि त्यांच्या घरांना मागचं दार असतं. तिच्या हाताखाली माणसं आहेत. मला तिचा मत्सर वाटतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी "बाई जळते वाटतं" असं कुजबुजायला नको. जळतेच.

कारण ते स्वप्न माझं होतं. मी विमा कंपनीत दावे तपासते. गाडी झाडाला धडकली म्हणून पैसे मागायला आलेल्या माणसाच्या गाडीला झाडाची साल चिकटली आहे की भिंतीचा रंग, हे बघणं माझं काम. एकदा एका मोठ्या गोदामाच्या आगीचा दावा आला आणि त्यामागोमाग तपास खात्याची दोन माणसं आमच्या कचेरीत आली. त्यातली एक बाई होती. तिच्या बुटांना चिखल होता, केस धड विंचरलेले नव्हते आणि आमचा साहेब, जो मालकासमोरही बसून बोलतो, तो तिच्यासमोर उभा होता. तिनं त्या आगीची माझी फाइल मागितली, सगळी वाचली आणि म्हणाली, "हे कोणी लिहिलंय?" मी हात वर केला, शाळेत करतात तसा. ती म्हणाली, "चांगलं लिहिलंय." बस, एवढंच. पण घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं.

खात्याची भरती निघाली तेव्हा माझं वय अगदी काठावर होतं. पुढच्या वर्षी मी अपात्र ठरणार होते. घरात कोणाला सांगायची सोय नव्हती. आमचे हे पाणीपुरवठ्याच्या कचेरीत, त्यांच्या मते नोकरी बदलणं म्हणजे चालत्या गाडीतून उतरणं. म्हणून मी पणबाईला सांगितलं. तीही नोकरी करायची, औषधांच्या घाऊक कंपनीत हिशेब तपासायची, आणि आम्ही दोघी मिळूनच स्वयंपाक करायचो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण वहिनी, एकट्यानं अभ्यास होणार नाही तुमच्यानं. मीही बसते सोबतीला."

सोबतीला. हा शब्द तिचाच. मी तिला बोटाला धरून नेलं, आणि पुढे काय झालं ते सगळ्या गल्लीला माहीत आहे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते काय उगाच नाही.

लेखी परीक्षेत मला तिच्यापेक्षा जास्त गुण होते. हे मी अजून सांगते आणि आमचे हे अजून छताकडे बघतात. त्या परीक्षेत एक प्रकार असतो: एका प्रसंगाचं वर्णन वाचायला देतात, मग कागद काढून घेतात आणि विचारतात, दारातल्या माणसाच्या हातात काय होतं, खिडकी उघडी होती की लोटलेली. माझं एकही उत्तर चुकलं नाही. पणबाईनं दोन चुकवली. निकाल लागला त्या दिवशी मी तिच्यासाठी केक आणला. जिंकणाऱ्याला मन मोठं ठेवायला काय जातं?

मग धावणं आलं. मैदानाला ठरलेल्या फेऱ्या, ठरलेल्या वेळात. मी महिनोन्महिने पहाटे उठून धावत होते. पाय दुखायचे, कचेरीत जिना चढताना मी कठड्याला धरायचे. पणबाईनं सराव म्हणून काही केलं नाही. तिची बस रोज चुकायची आणि ती रोज पुढच्या थांब्यापर्यंत धावून ती पकडायची, हाच तिचा सराव. चाचणीच्या दिवशी ती पहिल्या चारपाच जणींत आली. मी शेवटच्या फेरीत असताना ती कडेकडेनं माझ्याबरोबर परत धावायला लागली. स्वतःचं झालेलं असताना. आणि म्हणत होती, "अजून थोडं वहिनी, अजून थोडं." घड्याळ धरलेल्या माणसानं मान हलवली तेव्हा माझा एक पाय रेषेच्या अलीकडे होता. एक पाय. तिचं ते "अजून थोडं" मला कधीकधी भाजी चिरतानाही ऐकू येतं.

त्यानंतर मला पुन्हा बसता येणार नव्हतं. आणि ती एकेक पायरी चढत गेली, आणि दर पायरीला घरी येऊन मलाच सांगायची, कारण तिच्या मते ते आमचं दोघींचं होतं. मुलाखतीला समोर तिघे होते. त्यांनी विचारलं, वरिष्ठांनी एखादा कागद फाइलमधून काढायला सांगितला तर काय कराल? ती म्हणाली, "काढेन. पण काढला असं लिहून त्याच फाइलला लावेन." मग खोटं पकडायचं यंत्र. छातीला पट्टे, बोटांना तारा. कधी चोरी केली का, असं विचारल्यावर हिनं सांगितलं की वसतिगृहात असताना शेजारच्या मुलीची केसांची पिन घेतली होती आणि ती अजून परत केलेली नाही. मी म्हटलं, झालं, गेली ही. मला हायसं वाटलं. पण यंत्राला म्हणे खरं बोलणारी माणसं चालतात. वैद्यकीय तपासणीत तिचे दातसुद्धा निरोगी निघाले.

आता एकच टप्पा उरला होता, आणि सगळ्यात लांब तोच असतो. घरी, दारी, जुन्या कचेऱ्यांत, शाळेत, शेजारीपाजारी जाऊन खात्याची माणसं उमेदवाराची चौकशी करतात. पितो का, कर्ज आहे का, रागावतो कसा, कोणाकोणाशी उठबस आहे. इथं भलेभले गळतात. आमच्या गल्लीत तर उत्सवच चालू झाला. खालच्या इस्त्रीवाल्याकडे माणूस येऊन गेला, समोरच्या नर्सबाईंकडे येऊन गेला, तिच्या कंपनीत गेला. ज्याला त्याला विचारलं की तो सांगायचा, "मी म्हटलं, फार चांगली मुलगी." इस्त्रीवाल्यानं तर मला थांबवून सांगितलं, "ताई, मी इतकं चांगलं सांगितलंय की आता तिला घ्यावंच लागेल." त्याच्याशी तिचं जळलेल्या कॉलरवरून महिनाभर भांडण झालेलं मी पाहिलं होतं. तेही गिळलं बिचाऱ्यानं.

आणि मग तो माणूस माझ्याकडे आला. शनिवारी सकाळी, घरात मी एकटीच असताना. गॅसचं मीटर बघायला येणाऱ्या माणसासारखा दिसत होता: फिकट शर्ट, खांद्याला पिशवी, पायपुसण्यावर बूट नीट पुसून आत आला. मी त्याला चहा दिला. त्यानं ओळखपत्र दाखवलं, नेहमीचे प्रश्न विचारले, मी नेहमीची उत्तरं दिली. पिते का? नाही. उधळी आहे का? छे. मग त्यानं विचारलं, "एकूण माणूस म्हणून कशा आहेत?"

मी "चांगली आहे" म्हणणार होते. ओठांवर आलं होतं. आणि तो नुसता बसून राहिला. कपातल्या चहाकडे बघत, काही न बोलता.

ही युक्ती मला माहीत नाही असं नाही. मी रोज वापरते. समोरच्याला प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. शांतता सहन न होऊन माणूस आपणहून बोलायला लागतो आणि त्यात झाड कुठं होतं आणि भिंत कुठं होती ते बाहेर येतं. या युक्तीवर मी किती दावे पाडलेत. आणि तरी मी बोलायला लागले. समोर पाटी लिहिलेली असूनही खड्ड्यात पाय घालतात, तशी.

"चांगली म्हणजे काय," मी म्हटलं, "घरच्या माणसासाठी एक खोटं बोलता आलं नाही तिला."

त्यानं मान वर केली. "म्हणजे?"

मग मी सांगितलं. आमचे हे एकदा आजारपणाची रजा टाकून मित्रांबरोबर तळ्यावर मासे पकडायला गेले होते. कोण जात नाही? दुपारी त्यांच्या कचेरीतून फोन आला, ताप कसा आहे विचारायला. फोन पणबाईनं घेतला. म्हणाली, "पण त्यांना ताप नाहीये. ते तळ्यावर गेलेत." यांची बढती वर्षभर लांबली. घरात धरणीकंप झाला. मी तर तिच्याशी भांडी घासतानाही बोलत नव्हते.

"तुमचे यजमान काय म्हणाले?"

"बोलणं टाकलं तिच्याशी."

"आणि त्या?"

"ती रोज सकाळी यांना चहा नेऊन द्यायची. माफी मागितली नाही. एकदाही नाही. चहा मात्र चुकवला नाही."

त्यानं लिहायला सुरुवात केली. इतका वेळ त्याचं पेन टोपण लावून बसलं होतं हे मला तेव्हा कळलं. मग माझं तोंड थांबेना. मनात साठलेलं सगळं वाहायला लागलं. की तिला कोणाचा वाढदिवस लक्षात राहत नाही, पण दारासमोर कोणाची गाडी कधी उभी होती ते राहतं. की पाहुणा आला की ती आधी त्याच्या बुटांकडे बघते आणि मग तोंडाकडे. की हरल्याशिवाय ती भांडण सोडत नाही आणि हरत नाही, म्हणून सोडतच नाही. की तिच्या कंपनीत साठ्याचा हिशेब जुळेना तेव्हा सगळ्यांनी सोडून दिला, ही सुट्टीच्या दिवशीही जाऊन बसायची, आणि शेवटी ज्याचं नाव निघालं तो तिला नोकरी लावणारा माणूस होता. "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी," मी म्हटलं. "त्या माणसाच्या बायकोला भेटायला मात्र ही गेली. दारातून हाकलून दिलं तिनं. पुन्हा गेली."

"का गेल्या?"

"ते मला काय ठाऊक? विचारलं तर म्हणाली, पण तिनं काही केलं नव्हतं ना."

माणूस लिहीत होता. मग त्यानं विचारलं, "उद्या त्यांच्याकडे तुमच्याच घराची चौकशी आली तर?"

"आधी आम्हाला जेवायला वाढेल," मी म्हटलं, "आणि जेवून झालं की घेऊन जाईल."

तो हसला नाही. टोपण लावलं, कप स्वतः उचलून मोरीत ठेवला, आणि जाताना दारात विचारलं, "अजून कोण ओळखतं यांना जवळून?" मी नर्सबाईंचं नाव सांगितलं. त्यांच्याकडे तो आधीच जाऊन आला होता.

तो गेल्यावर मला कसं वाटलं म्हणता? छान वाटलं. कित्येक दिवसांनी हलकं वाटलं. मी एक अक्षर खोटं बोलले नव्हते आणि तरी तिच्या वाटेत पाचर मारून ठेवली होती. तिचं नाव कटावं असं मला वाटत होतं. पुढचे काही आठवडे ती दारावर वाजलं की उठायची, आणि मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. तिला खात्यात जायचं होतं, मनापासून जायचं होतं; हे मला जितकं दिसत होतं तितकं तिच्या नवऱ्यालाही दिसत नव्हतं. आणि ते माझ्या बोलण्यामुळे अडलं असेल, हे फक्त मला ठाऊक होतं.

नेमणुकीचं पत्र आलं. सासऱ्यांनी दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं, जे त्यांनी माझ्या लग्नातही केलं नव्हतं. तिची ट्रंक स्टेशनपर्यंत कोणी उचलून नेली? ज्यांची बढती तिनं बुडवली त्यांनी.

प्रशिक्षणाहून परत आली तेव्हा गालफडं बसली होती, कोपरं सोलवटली होती आणि खाणावळीत गेलो तर ती दाराकडे तोंड करून बसायला लागली. मला वाटलं होतं आता पहिल्याच दिवसापासून ही बंदूक लावून हिंडणार. तसं काही नसतं. सुरुवातीला तिला नव्या उमेदवारांच्या चौकशा करत फिरवलं, दारोदार, पिशवी खांद्याला लावून. मग बंद खोलीत बसून दुसऱ्यांची टेलिफोनवरची बोलणी ऐकायला. मग बँकांच्या घोटाळ्यांचं पथक, तिथं तिचं हिशेबाचं डोकं कामी आलं. दोन शहरं बदलली. भाऊजी नकाशे काढतात, टेबल आणि दिवा असला की झालं, ते तिच्यामागून गेले. पुढे तिलाच पथक मिळालं.

यातलं फारसं मी तिच्याकडून ऐकलेलं नाही. थोडं भाऊजींकडून, थोडं पेपरात वाचून जुळवलेलं. कारण घरी आली की ती मिठाची गुळणी धरून बसते. मी विचारते, "सध्या काय चाललंय?" ती म्हणते, "सांगता येत नाही वहिनी." बाकीचं सगळं मी एकवेळ सोसलं असतं, तिचा पगार, तिचा दरारा, सासऱ्यांचं ते "आमची पणबाई" सुद्धा. पण ते "सांगता येत नाही" मला सोसत नाही. माझ्याकडे सांगता न येण्यासारखं आयुष्यात काही नाही.

नाही, एक होतं. त्या शनिवारचं. ते मी जपून ठेवलं होतं. मग एकदा ती सुट्टीवर आली असताना आम्ही भांडी आवरत होतो, मी घासत होते, ती पुसत होती, आणि तिनं सहज विचारलं, "वहिनी, त्या चौकशीवाल्याला तुम्ही मासे पकडल्याचं सांगितलंत ना?"

मी पातेलं पालथं घालून घासायला घेतलं. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मुलाखतीवाल्यांपैकी एकानं नंतर मला विचारलं, चहा रोज का नेऊन दिलात? ते दुसरं कोण सांगणार?" ती ताटली पुसत होती. "खात्याच्या अर्जात मी नाव दिलं होतं तुमचं. पहिलंच."

"माझं? का?"

"पण दुसरं कोणाचं देणार? बाकी सगळे चांगली आहे म्हणाले असते. नंतर मी तेच काम केलं ना, दारोदार. चांगली आहे याला काही किंमत नसते, ते सगळेच म्हणतात. नीट बघणारा माणूस लागतो." ताटली तिनं फडताळात ठेवली. "या घरात मी आल्या दिवसापासून तुमचं माझ्यावर लक्ष आहे. इतकं माझ्या आईचंही नव्हतं."

"आणि मी वाटेल ते सांगितलं असतं तर?"

"तुम्ही दावे तपासता वहिनी. खोटं तुम्हाला लिहवत नाही. माझ्याबद्दलचंसुद्धा."

मी पातेलं घासत राहिले. ते केव्हाच स्वच्छ झालं होतं. राग आला, तो कशाचा ते सांगते. तिला सगळं माहीत होतं याचा नाही. मला वाटत होतं, मी तिला बघते आहे. आणि ती बघू देत होती. एवढी वर्षं पोटात ठेवून पोसलेला माझा मत्सर, तोसुद्धा तिनं कामाला लावला. मला लेखीत जास्त गुण होते. पण तिची निवड झाली ती का झाली, हे मला त्या मोरीपाशी कळलं, आणि तिच्याकडूनच कळावं लागलं.

आता खात्याचा आणखी एक नियम आहे, तो मला तेव्हा माहीत नव्हता. एकदा घेतलं म्हणून सोडत नाहीत. ठरावीक वर्षांनी आपल्याच माणसाची चौकशी पुन्हा पहिल्यापासून करतात. माणूस तोच राहिला की बदलला हे बघायला. गेल्या महिन्यात दारावर वाजलं. बाहेर एक तरुण मुलगी उभी होती, खांद्याला पिशवी, बुटांना रस्त्याची धूळ. तिनं पायपुसण्यावर बूट पुसले आणि ओळखपत्र दाखवलं. म्हणाली, थोडा वेळ घ्यायचा होता, तुमच्या जावेविषयी.

मी तिला आतल्या चांगल्या खुर्चीवर बसवलं, बाहेरच्या नाही. चहा टाकला. पेनाचं टोपण काढून ठेवायला सांगितलं. म्हटलं, बरंच आहे. गेल्या खेपेला सासऱ्यांच्या आजारपणात ती रात्री आली आणि सकाळी गेली, ते सांगितलं. माझ्या लेकीला तिनं एका मुलाबद्दल एकच वाक्य सांगितलं आणि लेकीनं तो मुलगा सोडला, आणि ते वाक्य काय होतं ते दोघींपैकी कोणी मला सांगत नाही, तेही सांगितलं. हल्ली "पण" म्हणायच्या आधी ती जरा थांबते, हे सांगितलं. मुलीनं मान वर केली. "हे कधीपासून?" मी सांगितलं कधीपासून. तिनं लिहून घेतलं. एकदोनदा ती युक्ती वापरून गप्प बसली, तर मीही गप्प बसले, आणि तिलाच बोलावं लागलं.

निघताना दारात तिनं शेवटचा प्रश्न विचारला, तो विचारायचाच असतो. "अजून कोण ओळखतं यांना जवळून? तुमच्याइतकं?"

मी मनात यादी केली. नवरा आहे, तिची आई आहे, पथकातली माणसं आहेत.

"कोणी नाही," मी म्हटलं. "माझं नाव लिहा."